आधी जोरात

वैभवीच्या प्रयोगशाळेतलं यंत्र प्रथिनांचं द्रावण तीन दिवस गरगर फिरवायचं, तेव्हा कुठे ते स्थिरावायचं. तिनं यंत्र आधी काही तास फार जोरात पळवलं, मग नेहमीच्या वेगावर आणलं. काम एका दिवसात झालं.

आसेगावातल्या सत्कारात आईनं तिला डाव्या हातानं पेढा भरवला. उजवा मोडल्यापासून वर जात नव्हता. सरपंचांनी विचारलं, "पोरी, हे तुले सुचलं कसं?"

"बाबाचं ऐकून," वैभवी माईकवर म्हणाली. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बाबांची मान ताठ झाली.



"दादाच्या लग्नानंतर ते त्याले सांगत होते, 'बायकोले पहिला महिना रगत निघेपर्यंत मार. मंग नुसता हात उगारला तरी जाग्यावर राह्यते. तुह्या मायचं मी तसंच केलं.'"