बसून मारायची काठी

आणे गावच्या माळावर मुलांना गोल्फ शिकवायचं रमणलालशेठनी मनावर घेतलं. अनुदान तेवढं मिळायचं बाकी होतं. अनुदान देणाऱ्या संस्थेच्या पुण्याच्या मॅडम पाहणीला आल्यावर पोलिओनं पाय गेलेल्या इफराला शेठनी मुद्दाम शेवटी ठेवलं. मॅडम विरघळतील, असा हिशेब. शेठच्या नातवाचा, पीयूषचा, फटका हुकला तशा मॅडम खळखळून हसल्या. मग स्टुलावर बसून इफरानं काठी फिरवली. चेंडू जागचा हलला नाही, तरी मॅडमनी टाळ्या वाजवल्या. इफरा फणकारली, "टाळ्या कशापायी? पीयूषला हसलात, तसं मलाबी हसा की!" अनुदान हुकायच्या धास्तीनं शेठ म्हणाले, "पोरगी तोंडाळ हाय, मॅडम." ओशाळलेल्या मॅडमनी विचारलं, "हुकला कशानं गं?" "काठी उभ्या माणसाची हाय. बसल्यावर लई लांब पडती." मॅडमनी स्वतः बसून काठी फिरवली. त्यांचाही चेंडू हुकला. इफरा खदखदून हसली. मॅडमनी शेठच्या अनुदानाच्या अर्जात लिहिलं, "आखूड काठ्या, सहा."