पासावरचं सहावं नाव

जंगलखात्याचा हिरामण गार्ड पासावरचं एकेक नाव वाचत गेला आणि लडकू एकेक माणूस दाखवत गेला. तो स्वतः, दारातून डोकावून परत आत गेलेली बायको मंगळी, मुलगा शुक्रा, मुलगी धोंडी. सून चिमा झोपडीत बाळंत होत होती. तिचं कण्हणं बाहेर ऐकू येत होतं, तेवढ्यावर गार्डाने तिच्या नावापुढे खूण केली.

"पोशा, वय ऐंशी. म्हातारा कुठाय?"

लडकूने आतून टोपली आणली. टोपलीत शेंदूर फासलेला नारळ होता.

"ह्यो माजा बाप."

पोशाला जाऊन चार पावसाळे झाले होते, तेव्हापासून तो ह्या नारळात देव होऊन बसला होता. खोपोलीच्या नळाच्या कामावर येताना लडकूने भांडीकुंडी घाटावर टाकली, पण बापाची टोपली डोक्यावर घेऊन घाट उतरला. काम संपलं, माणसं इथेच राहिली. सरकारी रानात बिनपरवाना घातलेल्या झोपडीला नाकदुऱ्या काढून होळीपर्यंतचा पास मिळाला. कचेरीत कारकुनाने घरात माणसं किती म्हणून विचारलं, लडकूने सहा सांगितली. जिवंत किती, हे कोणी विचारलंच नाही.

"मेलेल्या मानसाचा पास काढतात का रं?"

"घरात बसतो, सायेब. पयला घास त्याचा. बापाला कसा गाळू?"

हिरामण तसा वाईट माणूस नव्हता, पण त्यालाही वरती जाब द्यावा लागे. नाव खोटं निघालं की पास रद्द, उद्यापर्यंत झोपडी मोडा, असं त्याने समजावून सांगितलं आणि पास खोडायला कानावरची पेन्सिल काढली. लडकूने घाटाकडे पाहिलं. ओल्या बाळंतिणीला घेऊन घाट कसा चढायचा?

तेवढ्यात आत मूल रडलं.

थोड्या वेळाने मंगळी त्याला फडक्यात गुंडाळून बाहेर आली. गार्ड उभा आहे की कोसळलंय आभाळ, तिला कशाचं भान नव्हतं. घरातलं कोणतं मेलेलं माणूस मुलाच्या रूपाने परत आलं, हे आधी विचारायचं, ज्याच्या नावाला दाणे जुळतील तो आला, ही त्यांची रीत. तिने पानाच्या द्रोणात पाणी घेतलं, भाताचे दोन दाणे तुसासकट त्यावर सोडले आणि मेलेल्यांची नावं घेऊ लागली. कोंडीचं नाव घेतलं, दाणे दोन कडांना. धाकलूचं घेतलं, तरी हलले नाहीत.

"पोशा," ती म्हणाली.

दाणे सावकाश सरकले आणि मधोमध येऊन एकमेकांना चिकटले.

हिरामणही कधी द्रोणावर वाकला होता, त्याचं त्याला कळलं नव्हतं. लडकूला भीतीही वाटत होती आणि भरूनही येत होतं. बापाला गाळला नाही, म्हणून बाप धावून आला.

"पोरगा हाय," मंगळी म्हणाली. "म्हातारा आला आपला."

हिरामणने पास पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "हितं वय ऐंशी लिवलंय," तो हळूच म्हणाला.

मंगळीने फडकं बाजूला केलं. टक्कल पडलेलं डोकं, सुरकुतलेलं कपाळ, तोंडात एक दात नाही.

हिरामणने पायांतल्या वहाणा काढून ठेवल्या, आणि सहाव्या नावापुढे खूण केली.