बोका बरा आहे

"अहो, दार!" बायको स्वयंपाकघरातून ओरडली, पण तोवर कुत्रा जिना उतरला होता.

घड्याळजी तसेच अनवाणी धावले. बाहेर फटाक्यांचा नुसता कडकडाट चालला होता. धुरात काही दिसेना. गल्लीच्या टोकापर्यंत हाका मारून ते परतले, तेव्हा त्यांचा मेहुणा सोफ्यावर कुत्र्याचा घंटीचा पट्टा हातात धरून बसला होता. पत्ते खेळताना घंटी किणकिणते म्हणून घड्याळजींनीच तो काढून ठेवला होता. आणि आतषबाजी बघायला दारही त्यांनीच सताड उघडलं होतं.

कुत्र्याचं नाव बोका. लहानपणी तो अगदी तसाच दिसायचा, म्हणून. तो वरच्या मजल्यावरच्या बाईंचा. बाई एकट्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. सुट्ट्यांत त्या परगावी मुलाकडे जात आणि बोका घड्याळजींकडे राही. निघताना त्या दर खेपेला तेच सांगत. "फटाके सुरू झाले की खिडक्या लावा, पंखा मोठा ठेवा. गोडधोड देऊ नका. आणि पट्टा तेवढा काढू नका हं."

घड्याळजी हसून म्हणत, "बाई, मी काय तुमच्या वर्गात आहे का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा फोन आला.

"बोका कसा आहे?"

बायको समोरच उभी होती. घड्याळजींनी तिच्याकडे पाठ केली.

"मस्त! आत्ताच जेवला. माझ्या पायाशी झोपलाय."

बाई म्हणाल्या, "बरं. झोपू द्या त्याला."

"नातवंडं काय म्हणतायत?"

"दंगा चाललाय नुसता. कान किटले माझे."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "सांगून टाका ना. बाई काय खाणार आहेत तुम्हाला?"

"कुठल्या तोंडानं सांगू?"

दुकानात त्यांचं चित्त लागेना. दुरुस्तीचं घड्याळ उघडून, डोळ्याला भिंग लावून ते रस्त्याकडेच बघत राहिले. त्यांनी दुकान बंद केलं, बोक्याचा फोटो छापून घेतला आणि गल्ल्या पालथ्या घातल्या. जनावरांच्या दवाखान्यात विचारलं. भटकी कुत्री ठेवतात तिथंही गेले. पिंजऱ्यामागून पिंजरा बघताना त्यांना भडभडून आलं.

संध्याकाळी परत फोन.

"आवाज बसलाय तुमचा," बाई म्हणाल्या.

"सर्दी झालीय जरा."

"मग बाहेर हिंडू नका. घरी बसा, आराम करा. बोक्याची एवढी काळजी नका करू, तो गुणी आहे."

"हो, बाई. आहेच तो गुणी." घड्याळजींनी फोन ठेवला. त्या रात्री ते जेवले नाहीत.

सकाळी त्यांनी मनाशी ठरवलं, आज नाही सापडला तर सगळं कबूल करायचं. मग बाईंनी तोंड नाही बघितलं तरी चालेल. उरलेले कागद घेऊन ते बसस्टँडकडे गेले. मागच्या बाजूला एक जुनाट लॉज होता. त्याच्या भिंतीला ते डिंक लावत होते, तेवढ्यात आतून मॅनेजर आला.

"ओ, इथं नका चिकटवू." मग त्यानं फोटो बघितला. "हा तर वर आहे. कोपऱ्यातल्या खोलीत."

घड्याळजींच्या हातातला डिंक सांडला. "कुणी आणला?"

"आणला कुणी नाही. परवा फटाके सुरू होते तेव्हा आपणच आला, धापा टाकत. खाली जमीन हुंगली आणि सरळ जिना चढून त्या बाईंच्या कुशीत शिरला. आमच्याकडे कुत्र्याला मनाई आहे, पण दोघं इतकी थरथरत होती, मला बोलवलं नाही."

"कोण बाई? दुसऱ्याचा कुत्रा असा ठेवून घेतात होय?" घड्याळजींचा आवाज चढला. "याची मालकीण मुलाकडे गेलीय, परगावी!"

मॅनेजरनं त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं.

"शाळेतल्या बाई ना? पांढरा अंबाडा, चष्मा?" तो हळू आवाजात म्हणाला. "त्या दरवर्षी सुट्ट्या लागल्या की इथं येतात आणि सुट्ट्या संपल्या की जातात. थांबा, त्यांना वर्दी देतो. त्यांच्याकडे कुणी आलंय, असं आज पहिल्यांदाच होतंय."