गिटारचा कंप

रघुनाथसर जाऊन वर्ष झालं, तसा त्यांचा शिष्य गौरेश त्यांची जुनी हवाईयन गिटार न्यायला धारगळला आला. गिटार मांडीवर आडवी घेऊन त्याने तारांवरून पोलादी कांडी फिरवत सरांच्या एका धुनेची ओळ वाजवली.

"तसो न्हय रे बाबा," सरांच्या पत्नी सुलोचनाकाकी म्हणाल्या. "सूर धरलो काय हात मातसो कापूक जाय."

त्यांनी गिटार स्वतःच्या मांडीवर घेतली आणि सुरावर थांबताना कांडी किंचित थरथरवत तीच ओळ वाजवली. हुबेहूब सरांचा सूर!

"काकी, कुणी शिकवलं?"

"चाळीस वर्सां रांधपघरातून ऐकलंय. ते भायर गेले काय वाजवून बघत होतंय."

"सरांना कधी वाजवून दाखवलं नाहीत?"

काकींनी गिटार त्याच्या हातात दिली.

"'भायर येऊन बस' असा ते कधी म्हणाकच नाय."