सोबतीची अट

पंचकुल्याच्या नाक्यावर बस थांबवून झडतीसाठी सगळ्यांना खाली उतरवलं, तेव्हा मीनाक्षीने पर्स छातीशी घट्ट धरली. तिच्या सासूबाई मात्र घड्याळ बघत होत्या.

"आटपा म्हणावं यांना. क्लासला उशीर होतोय," सुमित्राबाई म्हणाल्या.

"आई, हळू बोला ना."

"मराठीत बोलतेय. त्या शिपायाला काय कळतंय?"

शिपायाने पिशवीतला डबा उघडायला लावला. आत पोळ्यांची ही चवड. दोन बायकांना एवढ्या पोळ्या, असं त्याने हिंदीत विचारलंच.

"भूक लगती है," सुमित्राबाईंनी ठणकावलं.

दिवसच तसे होते. वर्तमानपत्र उघडावं तर पंजाबात कुठेतरी नवा हल्ला झालेला असायचा. त्यामुळे मेजर शशिकांतने बायकोला नोकरीची परवानगी देताना एक अट घातली होती. एकटीने बसने जायचं नाही, कुणाची तरी सोबत हवी. चंडीमंदिर छावणीत तिला रोज सोबत देणारं कुणी मिळणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. परवानगीही दिली आणि बायको घरातच राहिली, अशा समाधानात तो चहा पीत होता.

"मी जाते की सोबतीला," स्वयंपाकघरातून त्याची आई म्हणाली.

"तू? तू आता फक्त आराम करायचा, आई."

हे तो मनापासून बोलत होता. वडील लवकर गेले. सांगलीत आईने गल्लीभरचे कपडे शिवून त्याला शिकवलं. तिला इकडे आणताना त्याने ते शिवणाचं मशीन स्वतःच्या हाताने देऊन टाकलं. आता माझ्या आईला काडी उचलू देणार नाही, हे तो आल्यागेल्या प्रत्येकाला सांगे.

"बाकावर बसून राहणं म्हणजे आरामच की," सुमित्राबाई म्हणाल्या. मेजरसाहेबांना हो म्हणावं लागलं.

नोकरीआधी टायपिंग शिकायला शहरातल्या सेक्टर चौतीसमधला क्लासही त्यांनीच शोधून काढला होता. भाजी घेताना ओळख झालेल्या कुणा सरोजकडून पत्ता मिळाला म्हणे. मीनाक्षी बी. कॉम. झालेली. लग्नानंतरची सगळी वर्षं बदल्यांचं सामान बांधण्यात आणि सोडण्यात गेलेली. आपल्या कमाईचा एक तरी पगार हातात घ्यायचा, एवढी एकच इच्छा तिच्या मनात घर करून होती. ती आता सासूच्या जोरावर पुरी होणार होती. सासू असावी तर अशी, असं तिने माहेरी फोनवर दोनदा सांगितलं.

ती आत टाइप करी आणि सासूबाई जिन्याखालच्या बाकावर बसत. कधी बाक रिकामा दिसे. "जरा पाय मोकळे करून आले," त्या म्हणत. एकदा त्यांच्या पदराला निळ्या दोऱ्याचा तुकडा चिकटला होता. मीनाक्षीने तो झटकून टाकला. तिला ताप आला तेव्हा सासूबाईंनी काढा पाजून तिला बसमध्ये बसवलं. सुट्टी घेतली की हाताची सवय मोडते, हे त्यांचं म्हणणं.

आणि मग एक सोडून दोन नोकऱ्या चालून आल्या. क्लासच्या मालकाने शिकवायला राहता का म्हणून विचारलं. दुसरी पंचकुल्यातल्या एका कचेरीत होती, आणि तिथवर छावणीची गाडी सोडणार होती. सोबतीची गरजच नव्हती.

"मी पंचकुल्याचं ठरवलंय," मीनाक्षी आनंदाने म्हणाली.

कणीक मळणारे सुमित्राबाईंचे हात थांबले. "चौतीस सेक्टर काय वाईट आहे?"

"तुमचे गुडघे, आई. किती दिवस माझ्यासाठी धक्के खाणार?"

"माझे गुडघे माझ्यापाशी. तू नीट विचार कर."

"सुटलीस बघ आई एकदाची!" शशिकांत म्हणाला. सुमित्राबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

मीनाक्षीला फार वाईट वाटलं. आपल्यावाचून सुनेचं अडत नाही म्हटल्यावर यांचंही तोंड उतरलं. शेवटी सासू ती सासूच. तिने क्लासच्या मालकांना नकार कळवून टाकायचं ठरवलं.

शुक्रवारी दोघी शेवटचं म्हणून सेक्टर चौतीसला गेल्या. क्लासचे मालक अजून यायचे होते. मीनाक्षी बाहेर आली तर बाक रिकामा. फाटकापर्यंत जाऊन आली, तिथेही कुणी नाही. त्या दिवसांत माणूस असं डोळ्यांआड झालं की नको नको ते मनात येई. वर कुणाला विचारावं म्हणून ती धावत जिना चढली.

वरच्या मजल्यावर मशीनांची घरघर चालू होती. दार उघडंच होतं. आत बायका ओळीने बसून शाळेचे निळे गणवेश शिवत होत्या. बऱ्याच जणींच्या डोक्यावर पांढरी ओढणी होती. सीमेकडच्या गावांतून घरचा कर्ता माणूस गमावून आलेल्या त्या बायका, शिवण शिकून पोट भरू पाहत होत्या. त्यांच्या मधोमध, दाराकडे पाठ करून, गळ्यात टेप अडकवलेली एक नऊवारीतली मूर्ती उभी होती. "सीधा काटो, सीधा! कपडा क्या फुकट का है?"

मीनाक्षी उंबऱ्यातच खिळून राहिली.

दाराजवळची तरुण मुलगी मशीन थांबवून उठली. तिने मीनाक्षीला नीट न्याहाळलं आणि तिचा चेहरा खुलला.

"अच्छा, तो आप ही मास्टरनीजी की बहू हैं! जो रोज़ उनका साथ देने आती हैं, और वक़्त काटने को नीचे टाइपिंग करती हैं?"

मीनाक्षीने आत पाहिलं. सासूबाई अजून वळल्या नव्हत्या.

"हाँ जी, मैं ही," ती म्हणाली. "और सोमवार से भी मैं ही आऊँगी."