घंटेचा दोर
युद्ध सुरू झालं आणि तालुक्यातून हुकूम आला, की भोंगा नसलेल्या गावांनी हल्ल्याचा इशारा द्यायला मोठी घंटा वाजवावी. तशी घंटा गावात एकच होती, चर्चची. सरपंच स्वतः तिचा दोर घेऊन आले. आवाजाचा त्रास होतो म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनीच तो सोडवून नेला होता. चर्चची झाडलोट करणाऱ्या मार्थाबाईचं डोकं सणकलं. “आता लागली व्हय आमची घंटा?” “देशाचं काम हाय, बाई.” “मग चढा वर अन् बांधा तुम्हीच.” सरपंच शिडीवर चढले, दोर बांधून घामाघूम उतरले. मार्थाबाईनं घंटा वाजवली, तसं सरावापुरतं सारं गाव घरात शिरलं. “झालं, थांबवा आता,” सरपंच म्हणाले. तिनं दोर सोडला नाही. “तुमचा इशारा झाला. ही माझ्या नवऱ्याच्या मातीची. गेल्या साली त्याला घंटेविना पुरलं. आता ऐका!”