जिन्यातलं फूल

पाळण्याची कडी वाजली. एवढीशी, किण्ण करून. पण दोन दिवस त्या घरात कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेतला नव्हता, त्यामुळे पलंगावर पडल्या पडल्या ती दचकली.

"हळू," ती म्हणाली. "टकळी उठेल."

नवऱ्यानं कडी मुठीत धरली. त्याच्याबरोबर कामावरचा जोडीदार आला होता. अंगानं काडी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. दोघं मिळून लोकांची घरं हलवत. कपाटं, फ्रिज, लोखंडी तिजोऱ्या. आज मात्र एक लहानसा लाकडी पाळणा होता आणि त्याला माणसं दोन. लेक टकळी दुपारची झोपली आहे तोवर तो घराबाहेर न्यायचा, एवढं ठरलं होतं. उठल्यावर तिला काय सांगायचं, ते मात्र ठरलं नव्हतं.

हाच पाळणा गेल्या रविवारी नणंदेकडून आला होता. नवऱ्यानं एकट्यानं खांद्यावर टाकून, शीळ घालत वर आणला होता. पुढे टकळी, तोंडाचा पट्टा चालू. "बाजूला व्हा, बाजूला व्हा! फूल येतंय, फूल!" शेजारपाजारचे दारं उघडून हसत होते.

बापाच्या धंद्यातला हा नेम पोरीला बोबड्या वयातच पाठ झाला होता. ओझं अंगावर असताना जिन्यात 'जड' म्हणायचं नाही. ओझ्याला कान असतात, म्हटलं की ते दुप्पट होतं. वरच्यानं विचारायचं, "काय आहे?" खालच्यानं सांगायचं, "फूल." मग ती तिजोरी का असेना. एका गड्याच्या तोंडून एकदा तो शब्द निसटला होता म्हणे. तो अजून लंगडतो.

त्याच आठवड्यात शाळेत बाईंनी इंग्रजीतला 'कॅरी', म्हणजे वाहून नेणं, हा शब्द शिकवला. घरी कोण काय कॅरी करतं ते बघून या म्हणाल्या. झालं, टकळीला तेवढंच हवं होतं. "बाबा कपाट कॅरी करतात. जिन्यातली मांजर पिल्लू कॅरी करते, तोंडात. पैलवानकाका नुसत्या गप्पा कॅरी करतात." मग आईच्या पोटाला गाल लावून म्हणाली, "आणि आई बाळ कॅरी करते. बसल्या बसल्या, झोपल्या झोपल्यासुद्धा! आईचा पहिला नंबर."

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी पोटावरून यंत्र फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग पडदा स्वतःकडे वळवून घेतला. ठोके नव्हते. सातवा महिना होता.

"सोमवारी सकाळी भरती व्हा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तोवर असंच कॅरी केलंत तरी तुम्हाला धोका नाही."

दवाखान्याचा जिना उतरताना तिचे पाय उचलेनात. कठडा धरून ती थांबली. "जड झालंय हो सगळं," ती म्हणाली.

आणि तो सवयीनं, पटकन बोलून गेला, "श्श. जिन्यात नाही म्हणू."

बस, तेवढंच. त्यानंतर त्यानं भांडी घासली, टकळीची वेणी घातली, शनिवारी कामावरही जाऊन आला. बाळाबद्दल ब्र काढला नाही. डोळ्यांतून टिपूस नाही. ती मात्र ते एकच वाक्य घेऊन कुशी बदलत राहिली. याला काय, तिला वाटे, याचं ओझं मजल्यावर पोचलं की उतरतं. माझं माझ्याच पोटात. एकटीनं वाहायचं, आणि वर जड म्हणायचीही चोरी.

दोघांनी पाळणा दाराबाहेर काढला. ती उठून भिंतीच्या आधारानं दारात आली.

"वहिनी, तुम्ही पडा बघू," पैलवान म्हणाला. "हे काय, आत्ता जाईल."

नवरा खालच्या बाजूला गेला. भार खालच्यावर येतो, म्हणून ती बाजू नेहमी तोच घ्यायचा. पहिली पायरी. दुसरी. कडी पुन्हा वाजली, आणि मागून अनवाणी पावलं आली.

"बाबा, पाळणा कुठे नेताय?"

टकळी डोळे चोळत आईच्या पदराशी उभी होती. पैलवानानं एकदा वहिनीकडे पाहिलं, एकदा पोरीकडे. मग रोजचंच त्याच्या तोंडात आलं. उसनं हसू आणून तो म्हणाला, "काय आहे रे?"

नवऱ्यानं पायानं पुढची पायरी चाचपली.

"अरे, काय आहे?"

"फूल!" टकळीनंच वरून सांगितलं. "बाबा, सांगा ना, फूल!"

तिसऱ्या पायरीवर तो थांबला. त्यानं पाळण्याच्या काठावर कपाळ टेकलं.

"जड आहे," तो म्हणाला. "फार जड आहे रे."

पैलवान रागावला नाही. त्यानं नुसती आपली पकड घट्ट केली. तिला वाटलं, धावत खाली जावं. धावता येत नव्हतं. कठडा धरून ती एक पायरी उतरली, मग आणखी एक, आणि त्याच्या हाताशेजारी तिनं पाळण्याला हात लावला. त्यानं वर पाहिलं. दोन दिवसांत पहिल्यांदा. चेहरा सगळा भिजला होता.

टकळीही मागोमाग उतरली. चवड्यांवर उभी राहून तिनं पाळण्यात डोकावून पाहिलं. हात घालून तळ चाचपला. मग आईकडे वळली.

"आई, आत तर कुणीच नाहीये. मग हा जड कसा झाला?"